वजन वाढल्याच्या टाळ्या

इथिओपियातल्या खेड्यांसाठी आम्ही ऑकलंडमध्ये बसून ॲप बनवतो. तिथल्या आरोग्यसेविका त्यात मुलांचं वजन भरतात. वजन वाढलं की फोन मोठ्यानं टाळ्या वाजवतो. ही आयडिया माझी.

एका गावात आयांनी वजनाला येणंच बंद केलं. त्यातही, ज्यांची मुलं सुधारत होती त्यांनीच आधी. मीटिंगमध्ये माझं डोकं फिरलं. "अशा कशा या आया?"

शनिवारी मैत्रीण सलोनी घरी आली. माझ्या इराला उचलून म्हणाली, "केवढी गुटगुटीत झालीय गं!" ती गेल्या गेल्या मी मीठ-मोहऱ्यांनी इराची दृष्ट काढली आणि त्या तापल्या तव्यावर टाकल्या. स्मोक अलार्म कोकलायला लागला. नवरा टॉवेलनं धूर हाकलत ओरडला, "कुणी पोरीचं कौतुक केलं की तुझं हे सुरू!"

मी गॅस बंद केला आणि इथिओपियातल्या त्या गावच्या आरोग्यसेविकेला फोन लावला.

"चारचौघांत टाळ्या वाजवल्यावर मुलाला नजर लागणारच ना," ती म्हणाली.

सोमवारी मी टाळ्या काढून टाकल्या. कारण ऐकून बॉस हसला. "अशा कशा या आया?"

"माझ्यासारख्या," मी म्हणाले.