महादेवप्पांच्या बाभळी

सोमवारी मांजरा नदीच्या वळणावर नीलकंठ महाराजांच्या मठापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज कर्ण्यातून गरजत होते, "फावडं लावलं न्हाई, टोपलं उचललं न्हाई, तरी मठाची जमीन दरसाल वाढून राहिली! तपाचं फळ हाय, भक्तांनो!" लोक नदीत नारळ सोडत होते आणि वर आलेला नवा गाळ कपाळाला लावत होते.

गर्दीत कमलम्मा मान खाली घालून बसली होती. समोरच्या काठावर तिचं शेत. मठाची जमीन वाढत होती, तसं तिचं शेत दरसाल ढासळत होतं. काठालाच तिच्या नवऱ्याची, महादेवप्पांची समाधी होती. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आपल्याच शेतात बसवून पुरतात. उन्हाळ्यात महाराज म्हणाले होते, "महादेवप्पाचं पाप नदीला सोसंना. त्यात काठाच्या बाभळी तिची वाट अडवून राहिल्या. तोड, म्हंजी नदी शांत हुईल." ज्या माणसानं जन्मात कुणाचा बांध कोरला नाही, तो गावाच्या तोंडी पापी झाला. बाभळी महादेवप्पांनीच लावलेल्या. कमलम्मानं रडत रडत त्या तोडवल्या, आणि श्रावणातल्या पुरात समाधी काठासकट गेली.

"नदीनं पाप धुतलं!" आज महाराज ओरडले. टाळ्या पडल्या. कमलम्माला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात शाळेतल्या शिवकन्याबाई पुढं झाल्या. त्यांनी एक नारळ पायाशी पाण्यात ठेवला आणि दुसरा लांब, कमलम्माच्या काठाकडं फेकला. पायाशी ठेवलेला जागीच डुलत गाळाला टेकला. लांबचा पळत काठावर आदळला आणि दिसेनासा झाला.

"वळणावर बाहेरच्या काठाला पाणी जोरात लागतं, म्हणून तो तुटतो," बाई म्हणाल्या. "आतल्या काठाला पाणी मंद होतं आणि वरच्या शेतांतून वाहून आलेली माती तिथं बसते. यात तप नाही आणि पापही नाही. महाराज, शक्ती असेल तर कमलम्मांच्या काठावर बसा आणि तो वाढवून दाखवा."

महाराजांनी कर्णा बाजूला सारला. "महाराजांचं आज मौन हाय," चेला म्हणाला. सकाळपासून घसा फोडणाऱ्याला बरं मौन आठवलं! लोक हसले.

कमलम्मा हसली नाही. "बाई, मग बाभळी?"

शिवकन्याबाईंनी तिचा हात धरला. "मुळ्यांनी माती धरून ठेवली होती, अम्मा."

"म्हंजी मालकाला मीच..." ती हुंदके देऊन रडली. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि खालच्या शेताच्या हणमंतरावांपुढं उभी राहिली. त्यांनाही त्यांच्या काठावरच्या बाभळी तोडायला महाराजांनी कालच सांगितलं होतं.

"हणमंतराव, माझा मालक पापी नव्हता. मी खुळी निघाले. जिता होता तवर त्याला इचारल्याबिगर पाऊल टाकलं न्हाई, आन् त्यो गेल्यावर ह्या महाराजाला इचारलं. तुमी कुऱ्हाड लावू नगा. पाणी कुठं लागतं ते आधी आपल्या डोळ्यांनी बघा, मग कुणाचं बी ऐका. त्या बाभळीखाली तुमचे अण्णा बसलेत."