सोकोरोची तळी

सोकोरो जहाजावरची नोकरी सोडून गावी आला आणि त्याने घरामागे पोहायचा तलाव बांधायला काढला, तेव्हा रेडीच्या अलीकडची ती सगळी वाडी पोट धरून हसली होती. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना या शहाण्याला परसात पोहायचं होतं. पण निळ्या लाद्या बसल्या, पाणी भरलं, तशी हसणारी माणसंच संध्याकाळी पोरांना कडेवर घेऊन कुंपणाशी उभी राहू लागली. तलाव वगैरे कुणी म्हणालं नाही. ती सोकोरोची तळी झाली.

सोकोरो वारला आणि तळीची रया गेली. मोटर गंजली, फणसाची पानं पडून कुजली, पाणी आधी हिरवं झालं, मग काळपट. बेडकांनी बिऱ्हाडं थाटली. एका गणपतीत शेजारच्यांची म्हैस आत पडली, ती दोर बांधून काढावी लागली. सोकोरोची बायको फ्लाव्हिया, तिला याचं काही सुतक नव्हतं. मूलबाळ नाही, पोहता येत नाही. डोक्यावर नवऱ्याचं छप्पर होतं, तेवढं तिला पुरत होतं.

नेमकं तेवढंच कॉस्मेला हवं होतं. कॉस्मे हा सोकोरोचा धाकटा भाऊ. उभा जन्म त्याने मुंबईला गोदीच्या कचेरीत काढला. थोरल्याच्या मयताला आला तोसुद्धा परतीचं तिकीट खिशात घालून. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला एकदम बापाच्या घराची माया दाटून आली. घर अजून बापाच्या नावावर, त्यामुळे हक्क होताच. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. पुढच्या खोल्या त्याने घेतल्या आणि फ्लाव्हियाची खाट मागच्या, लाकडं ठेवायच्या खोलीत नेली. नाताळापासून पर्यटकांना खोल्या द्यायच्या आणि मागे पोहायची तळी दाखवायची, असा त्याचा बेत होता. जाहिरातसुद्धा त्याने मोबाईलवर तयार करून ठेवली होती.

एका सकाळी बिस्कीट चहात बुडवता बुडवता तो म्हणाला, "वयनी, सावंतवाडीकडे सिस्टरांचो आश्रम आसा. म्हाताऱ्या बायकांका बरा बघतत. तळी चालू झाली काय तुका थंयसर पोचवतंय. हयसर पावण्यांच्या गर्दीत तुका तरास होतलो."

फ्लाव्हियाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि तळी नाय झाली तर?"

"तळी नाय तर पावणे खंयचे? मगे मी हयसर माशे मारूक ऱ्हवतलंय काय? गपचूप मुंबय गाठीन." तो हसला. "पण होतली गो. होतली कशी नाय?"

तो गमतीत बोलला. फ्लाव्हियाने ते गमतीत घेतलं नाही.

तळी साफ करायला महादू आला. महादू वरच्या वाडीतला शेतकरी. वैशाखात सगळ्या गावाच्या विहिरी उपसायच्या त्या त्यानेच. या गावात फ्लाव्हियाचं म्हणावं असं कुणी असेल तर तोच. सोकोरो गेल्यापासून तिची लाकडं त्याने फोडली, कौलं त्याने परतली. नदीतले मासे मिळाले की वाटाभर तिच्या ओट्यावर ठेवून, हाकसुद्धा न मारता तो निघून जायचा. तिची खाट मागच्या खोलीत गेली त्या दिवशी तो कॉस्मेशी बोलला नव्हता. गरीब माणसाचा राग, तो कॉस्मेला कळणार कसा?

महादूने तळीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाव उपसतत तशी उपसूया. पंप लावून सगळा पाणी काढतंय, गाळ काढतंय, लाद्यो ॲसिडान घासतंय. मगे नवा पाणी भरा."

कॉस्मेला ते पटलं. न पटायला काय झालं? दोघांनाही ठाऊक होती ती फक्त विहीर. विहिरीला पाणी खालून येतं, ते उपसलं तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि उपसतात ती वैशाखात, जमीन सुकून ठणठणीत झाल्यावर. आता दिवाळी नुकतीच सरलेली, विहिरी अजून हात घालून पाणी घ्यावं इतक्या भरलेल्या. आणि तळीला बूड होतं, सिमेंटचं, चारी बाजूंनी बंद. या फरकाचा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्याला शिवला नाही.

फ्लाव्हियाला मात्र तो फरक पक्का ठाऊक होता. सोकोरो तळी कधीच रिकामी करत नसे. पाणी हिरवं झालं तर संध्याकाळी पांढरी पावडर टाकायचा, भिंती ब्रशने घासायचा, मोटर दिवसचे दिवस चालवायचा, आणि गाळ खाली बसला की नळीने ओढून घ्यायचा. पाणी तेच, पण आठवड्यात तळाची लादी दिसायची. असं का, म्हणून तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "पावसानंतर हिका रिकामी केलंस तर मेलीच म्हण. आतला पाणी हिका दाबून धरता. ता गेला काय भुंयतला पाणी हिका होडयेसारखी वर उचलतला." मरायच्या आधी, खाटेवरूनसुद्धा, त्याने ते पुन्हा बजावलं होतं. बायकोला दुसरं काही सांगायचं त्याला सुचलं नव्हतं, याचा तेव्हा तिला राग आला होता.

महादूची एक रीत होती. कुणाचीही विहीर उपसायची तर तो आधी घरातल्या थोर बाईला विचारायचा, आणि रोज आत पाय टाकण्यापूर्वी राखणदाराच्या, जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, नावाने नारळ ठेवून तिचा हुकूम घ्यायचा. ती 'उतर' म्हणाली तरच तो उतरायचा. कॉस्मे पंपाची वायर जोडत असताना तो मागच्या दाराशी आला.

"बाय, सोकोरोबाब ही उपसायचो मा?"

"दर वर्सा," फ्लाव्हिया म्हणाली. "दिवाळी झाली काय."

खोटं इतकं सहज बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. पण वाईट वाटलं नाही. तिने मनाशी हिशेब केला होता तो साधा होता. पाणी उपसलं जाईल, रात्री कधीतरी तळी उचलेल, तडकेल, सकाळी कॉस्मे कपाळाला हात लावून बसेल. सुंठीवाचून खोकला जाईल. कुणाचं नुकसान होईल तर कॉस्मेचं, आणि ते व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं.

पंप घरघरत राहिला. काळं पाणी खालच्या कुणग्यात, भाताच्या वाफ्यात गेलं. महादू बेडूक पकडून पकडून पाटाकडे सोडत होता. कॉस्मे खुर्ची टाकून बसला आणि मोबाईलवर फोटो काढत राहिला. गाळ टोपल्यांनी वर आला, त्यात सोकोरोची एक रबरी चप्पलसुद्धा आली. ती महादूने धुऊन फ्लाव्हियाला आणून दिली. रात्रभर ती कान लावून पडली. काही झालं नाही.

दुसऱ्या सकाळी ॲसिड आलं. महादूने डोळ्यांना लावायच्या चष्म्याचं विचारलं, तर कॉस्मे म्हणाला, "एवढ्याशा कामाक चष्मे कसले? डोळे मिटून घास."

फ्लाव्हिया चहा घेऊन मागे गेली आणि तिथेच थांबली. तळीचा काठ आणि अंगणाची फरशी यांच्यामध्ये फट पडली होती. बोट जाईल एवढी. काल ती नव्हती. काठ एका बाजूने फरशीच्या वर आला होता. कॉस्मेचं लक्ष मोबाईलमध्ये होतं आणि महादूचं नारळात. ती फट दिसत होती फक्त तिला, आणि तिचा अर्थही फक्त तिलाच कळत होता.

महादूने नारळ काठावर ठेवला, हात जोडले, ॲसिडची बादली उचलली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"उतरू काय, बाय?"

नको म्हटलं तर का ते सांगावं लागणार होतं. का ते सांगितलं की कॉस्मे धावत जाऊन पाइप लावणार, तळी भरून घेणार. तळी वाचणार, आणि नाताळाला ती सिस्टरांच्या आश्रमात, अनोळखी म्हाताऱ्यांच्या रांगेत पेज पीत बसणार. 'आधी च्या घे' एवढं तरी तिला म्हणता आलं असतं. चहा तिच्या हातातच होता. तिने महादूच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी होते.

"उतर," ती म्हणाली.

तो शिडीवरून खाली गेला. ती चहा घेऊन आत परतली आणि चुलीशी बसली. थोड्या वेळाने जमिनीतून एक दणका आला, कपाटातल्या बशा वाजल्या, आणि पाठोपाठ महादू ओरडला. पुढे कितीतरी वेळ तो ओरडत राहिला.

तळी हातभर वर आली होती. तळ मधोमध फाटून पाणी आत शिरत होतं. पायाखालची लादी उसळली तसा महादू उताणा पडला आणि हातातली बादली त्याच्या तोंडावर उपडी झाली. कॉस्मे काठावर उभा राहून नुसता "देवा, देवा" करत होता. आत उतरली ती फ्लाव्हिया. साठी उलटलेली बाई शिडी उतरून गेली, तिने महादूचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेजाऱ्यांनी वरून दिलेलं कळशीमागून कळशी पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. हे सगळ्या वाडीने पाहिलं. वाडी ते अजून सांगते.

महादूला गोव्याला इस्पितळात नेलं. चेहरा राहिला, डोळे गेले.

गाव कॉस्मेवर तुटून पडलं. चष्म्याची गोष्ट कुंपणापलीकडून एकाने ऐकली होती, ती शंभर तोंडांनी फिरली. पोलीस येऊन गेले. कॉस्मेने पुढच्या खोल्यांना कुलपं लावली, किल्ल्या वहिनीच्या पायाशी ठेवल्या आणि मुंबई गाठली, ती कायमची. किल्ल्या देताना तो रडत होता. "माका काय म्हायत होता, वयनी? माका कोणी सांगूक नाय." फ्लाव्हियाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ते तिला जमलं.

खाट पुन्हा पुढच्या खोलीत आली. मागे तळी चिखलात रुतलेल्या होडीसारखी वाकडी पडून आहे. तिच्या फाटलेल्या तळात पाणी साचलं, बेडूक परत आले.

आता महादूची बायको सत्यवती कामावर जाताना रोज सकाळी त्याला हाताला धरून आणते आणि फ्लाव्हियाच्या ओट्यावर बसवून जाते. जाताना ती फ्लाव्हियाच्या पाया पडते. नको म्हटलं तरी पडते. दुपारची पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा, संध्याकाळचा चहा, सगळं फ्लाव्हिया बघते. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबाने तिचं नाव न घेता तिच्याबद्दल सांगितलं, आणि सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

परवा चहा पिताना महादू म्हणाला, "बाय, एक इचारू?"

फ्लाव्हियाने बशी खाली ठेवली. "इचार."

"सोकोरोबाब दर वर्सा उपसायचो, तेका कधी काय झाला नाय ना?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. कॉस्मे परत येणार नव्हता, घर हातचं जाणार नव्हतं. आज सांगितलं असतं तर तिचं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, हा ओट्यावर बसलेला माणूस सोडला तर.

"नाय," ती म्हणाली. "कधीच नाय."

"म्हणजे माझाच चुकला." त्याने मान हलवली, कोडं सुटल्यासारखी. "नारळ बारको होतो. सत्यवती म्हणी होती, मोठो घे. राखणदार कोपलो." मग तिचा आवाज होता त्या दिशेने तोंड करून तो म्हणाला, "पण तुझो हुकूम घेतलेलंय म्हणान जीव तरी ऱ्हवलो. तू 'उतर' म्हणालंस. तसोच उतारलो असतंय तर थंयच मेलो असतंय."

फ्लाव्हियाने त्याचा रिकामा कप घेतला आणि त्याच्या हातात बिस्कीट ठेवलं.

"होय रे," ती म्हणाली. "खरा आसा ता."