यादीतलं सातवं नाव

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागच्या त्या घरात हौसरावांना कशाची म्हणून ददात नव्हती. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडल्यापासून गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, डायपर वेळेवर. सून सुलक्षणा न कंटाळता सगळं करायची. पाहुणे म्हणत, नशीबवान आहात! हौसराव मान हलवत, आणि पाहुणे गेले की पुन्हा छताकडे बघत पडून राहत.

मुलगा महेंद्र म्हणजे चर्चचा उजवा हात. दर रविवारी फादर त्याच्याकडे आजाऱ्यांची यादी देत आणि तो घरोघर ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घेऊन जाई. प्रत्येकाच्या उशाशी बसे, प्रार्थना म्हणे, विचारपूस करी. वडिलांना मात्र मोबाइलवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लावून दिलेली असे. घरचंच माणूस, त्याला काय, कधीही देता येईल! त्या ‘कधीही’ला सात महिने झाले होते. परत आल्यावर तो बायकोला सांगे, “अंथरुणावरच्या गीताबाईंनी आज अर्धा तास सोडलंच नाही.” भिंतीपलीकडे हौसरावांना गीताबाईंचा हेवा वाटे, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटे.

एका शनिवारी त्यांनी फादरना फोन लावला.

“फादर, आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव घाला.”

“आप्पा, महेंद्र तुमच्या घरातच आहे ना?”

“व्हय, घरातच हाय. म्हणून तर घाला म्हंतो.”

“बरं, घालतो,” फादर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहा घरं उरकून महेंद्र तणतणतच आत आला. “आप्पा, काय कमी पडलं तुम्हाला? यादीत सातवं नाव तुमचं! फादरांसमोर मान वर करवेना मला.”

“कायबी कमी न्हाई,” हौसराव जड जिभेने म्हणाले. “पन गीताबाईला तू इचारतो, झोप लागली का. मला इचारतो, गोळी घेतली का.”

“मी देवाचंच काम करतो ना?”

“करतोस की. पन आईबापाचा मान राख, ही देवाचीच आज्ञा हाय. त्यात दुसऱ्याच्या आईबापाचा आधी, असं कुठं लिवलंय?”

महेंद्र दाराकडे वळला. हा आता निघून जाणार, असं वाटून हौसरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. महेंद्रने ख्रिस्तप्रसादासाठी स्टुलावर पांढरं कापड अंथरलं, मेणबत्ती लावली आणि बापाचा जवळचा हात हातात घेतला. तो डावा होता.

“ह्यो न्हाई रं, ह्याला काय कळतंय?” हौसराव म्हणाले. “ह्यो धर.” आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. महेंद्र त्या हातावर डोकं टेकून रडला.

बंधुभगिनींनो, आजाऱ्याची सोय परकं माणूसही लावील. उशाशी बसायला मात्र पोटचं लेकरूच लागतं. चर्चला जरूर जा. पण निघण्याआधी घरातल्या आतल्या खोलीत थोडा वेळ बसा. तिथेही तोच प्रभू पडून आहे, आपली वाट बघत.