वायरलेस सेटचं बटण

विनायकरावांनी चिमट्यात धरलेली जरीची तार श्वास रोखून वायरलेस सेटच्या मागे चिकटवली आणि मगच सासऱ्यांकडे पाहिलं. टेबलावरचं हातभर लांबीचं जुन्या लिबरेटर बॉम्बरचं मॉडेल अजून दोन फाकांत उघडं होतं. वैमानिकांच्या खुर्च्या, बॉम्ब टांगायचे कप्पे, तांदळाएवढी प्राणवायूची नळकांडी, सगळं आतल्या आत. फाका जोडल्या की यातलं काहीच दिसणार नव्हतं.

“जे बंदच होणार ते रंगवायचं कशाला?” सुरतेत राहून गुजराती वळणानं बोलू लागलेली विजया गेले आठ महिने नवऱ्याला हेच विचारत होती. “जेवायचं टेबल मोकळं करा. बस ने आता!”

पण ही खटपट चारचौघांना दाखवायला नव्हतीच. विजयाचे वडील, अण्णा, तरुणपणी हवाई दलात याच विमानात वायरलेसवर बसत. पस्तीस वर्षांत त्यांनी जावयाच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. सुरतेत घर घेतलं तर दमट, बँकेत मॅनेजर झाला तर उशिराच झाला. विनायकरावांना त्यांच्या तोंडून एकदा ‘छान’ ऐकायचं होतं. बासष्टाव्या वर्षी असलं काही हवंसं वाटावं याची त्यांना लाज वाटे, पण हवं होतं खरं.

अण्णांनी शेजारच्या मगनभाईंचं हिरे पारखायचं भिंग डोळ्याला लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“चुकलंय.”

विनायकरावांचा चेहराच पडला. “फोटोबरहुकूम केलंय, अण्णा.”

“फोटोच्या वेळी मी ती खिशात ठेवायचो. साहेब ओरडायचा.” अण्णांनी विजयाकडे पाहिलं. “सेटच्या या बटणाला काळी रेशमी मनगटी असायची. हिची, तान्हेपणीची. हिला घट्ट व्हायला लागली तेव्हा हिच्या आईनं पाकिटातून धाडली होती.”

विजयानं शिवणाच्या डब्यातून काळं रेशीम काढलं, त्याचा एक पदर सोडवून खसखशीएवढं कडं केलं आणि नवऱ्याच्या हातातून चिमटा घेतला. दोनदा ते निसटलं. तिसऱ्यांदा बटणावर बसलं.

अण्णांनी पुन्हा भिंग लावलं.

“आता बरोबर. छान केलंत, विनायकराव.”

विनायकरावांना फार आनंद झाला. त्यांनी गोंदाची नळी उचलली.

“थांबा ने,” विजया म्हणाली. “आजच कशाला बंद करताय? ताटं हातात घेऊन जेवू.”