हळदीच्या ड्रमातली लेकरं

मित्रांनो, मी वसमतचा एक जुना लोखंडी ड्रम आहे. माझी उभी हयात हळद शिजवण्यात गेली आणि आता मी कचऱ्याचं पाणी पितो. प्रगती सगळ्यांचीच होते. माझी जरा तिरकी झाली.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. पत्रा वाकवला, सांधा मारला, बूड बसवलं. बारसं कुणी केलं नाही. हळदीचा हंगाम आला की ट्रॅक्टरमागे बसून मी शेतोशेत फिरायचो. ओली हळद पोटात घ्यायची, वाफ धरायची, की सगळ्या शिवारात माझा वास. "या ड्रमातली हळद रंगाला लई भारी," असं लोक म्हणायचे आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो, म्हणजे ते पुन्हा म्हणायचे.

मग मोठाले बॉयलर आले आणि माझी रवानगी गोठ्यामागे झाली. तिथे एक कोंबडी माझ्या पोटात अंडी घालायची. तिनं माझं कधी कौतुक केलं नाही, पण जागाही बदलली नाही. त्यालाच मी माया समजत होतो.

तिथून मला देवश्रीनं उचललं. देवश्री ही तरुण इंजिनिअर. तिनं मला टेम्पोत घालून सेनगावकडच्या एका गावाबाहेर आणलं. तिथे कचऱ्याचा एक डोंगर आहे. त्यात पाऊस मुरतो, ओला कचरा कुजतो आणि बुडातून काळं पाणी पाझरतं. देवश्री त्याला 'लीचेट' म्हणायची. डेपोवर कामाला असलेले तातेराव त्याला 'काढा' म्हणायचे. हा काढा ओढ्याला मिळायचा, आणि ओढ्याच्या काठी रहिमाबीची विहीर. तिच्या सासऱ्यानं खोदलेली. आता त्या पाण्याला वास यायचा, मेथी पिवळी पडायची आणि प्यायचं पाणी रहिमाबी दुरून डोक्यावर आणायची.

देवश्रीनं गावच्या कारभाऱ्यांकडून दिवाळीपर्यंत मुदत घेतली होती. माझ्यातून पाणी साफ निघालं तर मोठी टाकी बांधायची. नाही निघालं तर प्रयोग बंद, काढा ओढ्यातच, आणि विहीर कायमची गेली.

माझ्या पोटात आधी शेणकाला घातला, मग गूळ, मग थोडा थोडा काढा. खालून नळीनं हवा सोडली. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढले. घाण हेच त्यांचं जेवण. तातेराव त्यांना 'लेकरं' म्हणायचे.

"लेकरं जेवली का?" देवश्री आल्या आल्या विचारायची.

"जेवून राहिलीत मॅडम. आज भूक बराबर हाय."

रहिमाबी एकदा काठावरून वाकून बघत म्हणाली, "लेकरं कुठं हायत? मला तर नुसता फेस दिसून राहिला."

"लाजतात ती, चाची," तातेराव म्हणाले.

खरं सांगतो, मलाही त्यांचा लळा लागला. रात्रंदिवस बुडबुड चालायची. कोंबडीपेक्षा बोलकी होती. आणि पाणीही बदललं. काळ्याचं तांबूस झालं, मग ताकाच्या निवळीसारखं. रहिमाबी रोज येऊन बाटलीत धरून उजेडाकडे बघायची. जाताना चाल जरा हलकी असायची.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा असते. तातेरावांनी फावडं पुजलं, पंप पुजला आणि मग माझ्यापुढे उभे राहिले. हातात पिशवी होती. पिशवीत पायलीभर हळद होती.

"आपला ड्रम वसमतचा," ते म्हणाले. "चिमूटभर टाकून त्याचा अपमान काहून करायचा?"

आणि त्यांनी सगळी पिशवी माझ्यात उपडी केली.

मित्रांनो, मी किती वर्षांनी हळद चाखली. डोळे असते तर भरून आले असते. सकाळी मात्र पोटात शांतता. फेस नाही, बुडबुड नुसती हवेची, आणि वास पुन्हा पहिल्यासारखा. गुडघा खरचटला की ज्या गुणासाठी आई त्यावर हळद लावते, त्याच गुणानं माझी लेकरं गेली होती.

देवश्रीनं आत बघितलं. पाणी पिवळंधमक.

"तातेराव, यात काय टाकलंत?"

"हळद, मॅडम. प्रेमानं टाकली."

देवश्री तिथेच उपड्या बादलीवर बसली. रहिमाबी आली, तिनं बाटली भरली, बघितली आणि ओतून दिली.

"भाऊ," ती म्हणाली, "सणाला लेकरांना गोड खाऊ घालतात. तुमी जंतुनाशक पाजलं."

 दिवाळी तोंडावर आली होती.

"शेणकाल्यापासून सुरुवात केली तर वेळ पुरणार नाही," शेवटी देवश्री म्हणाली. "घरातलं विरजण संपलं की आपण काय करतो? शेजारून आणतो."

शेजार होता वसमतकडचा एक साखर कारखाना. तिथेही सांडपाणी साफ करणारी अशीच लेकरं पाळलेली असतात. देवश्रीनं फोन केला. तातेराव म्हणाले, "मीच जातो. माझ्या हातानं गेली, माझ्याच हातानं आणतो."

पुढचं त्यांनीच मला सांगितलं: परतीच्या प्रवासात, तिथल्या लेकरांच्या गाळानं भरलेला कॅन मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. औंढ्यापर्यंत त्यांच्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं नाक दाबून विचारलं.

"विरजण."

"कायचं?"

"न विचारलेलं बरं, साहेब. झाकण लावलं की गुदमरतात."

दरम्यान मला आतून तीनदा धुतलं होतं. हळदीचा शेवटचा वास गेला तेव्हा वाईट वाटलं, पण घरात लेकरं असली की आवडीनिवडी सोडाव्या लागतात. रहिमाबीनं गूळ आणला. तातेराव माझ्याशेजारी गोणपाट टाकून झोपू लागले. दिवाळीच्या आधी फेस धरला. पाहणीला लोक आले तेव्हा पाणी पुन्हा निवळीसारखं होतं. एकानं वास घेऊन बघितला आणि नाकाला लावायला काढलेला रुमाल खिशात ठेवला.

मोठी टाकी झाली. तिला विरजण म्हणून माझ्यातलीच लेकरं दिली. पाठवणीच्या वेळी तातेरावांना शिंका येत होत्या. त्या शिंकाच होत्या, असं त्यांचं म्हणणं आहे.

पुढच्या पावसाळ्यानं विहीर हळूहळू धुऊन काढली. तपासणीत पाणी पिण्यालायक निघालं, तशी रहिमाबी त्याच पाण्याचा चहा करून माझ्यापाशी घेऊन आली. ग्लास वाटले. कुणी उचलेना.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. आधी तुमी," तातेराव म्हणाले.

"तुम्ही वयानं मोठे."

रहिमाबीनं दोघांकडे बघितलं, आपला ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं आणखी एक घोट घेतला.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

मग सगळ्यांनी प्यायला. एक ग्लास माझ्यापुढेही ठेवला होता. माझ्या वतीनं तोही तातेरावांनीच संपवला.

मित्रांनो, घंटागाडी तुमच्या दारातून वळली की कचरा संपला असं तुम्हाला वाटतं. तो कुणाच्या तरी विहिरीच्या वाटेला लागलेला असतो, आणि वाटेत आम्ही उभे असतो. जमलं तर ओलं-सुकं वेगळं द्या. जुने सेल आणि औषधाच्या बाटल्या तेवढ्या त्यात घालू नका. लेकरं लहान आहेत हो, समोर येईल ते तोंडात घालतात.