सगळे पट्टे हिरवे

नवी विजेची गाडी आली तेव्हा सगळ्यात जास्त हौस नवऱ्याला होती, आणि ती घाटातून न्यायची वेळ आली माझ्यावर. बॅडमिंटन खेळताना त्याचा खांदा निखळला होता. तो उजवा हात गळ्यात अडकवून मधल्या रांगेत बसला होता आणि तिथून मला गाडी शिकवत होता.

"पाय दाबू नकोस, नुसता उचल. उचललास की ती आपली आपण हळू होते. उतारावर तर वीज उलट परत भरते. फुकट!"

"जगात फुकट काही नसतं," शेजारून सासूबाई म्हणाल्या.

आम्ही नणंदेच्या नव्या घरी निघालो होतो, घाटापलीकडे. माझ्या शेजारी सासूबाई, मधल्या रांगेत नवरा आणि खुर्चीत बांधलेलं बाळ, आणि सगळ्यात मागे, तिसऱ्या रांगेत, आमची सहा वर्षांची लेक. तिला घरात भिंगरीच म्हणतात. तिसरी रांग तिने पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर करून घेतली होती. मला ती रांग आवडत नव्हती. मधल्या खुर्च्यांच्या पाठी इतक्या उंच, की पुढून आरशात बघितलं तर मागे माणूस आहे की नुसती हवा, ते कळत नाही.

गाडी चांगली होती, हे मी नाकारत नाही. बॅटरीचं सगळं वजन तळाशी, त्यामुळे वळणावर ती जुन्या डिझेल गाडीसारखी कलत नव्हती, रस्त्याला धरून चालत होती. चढावर पाय जरा टेकवला तरी अंगात आल्यासारखी उसळायची. आवाज म्हणाल तर टायरांचा आणि वाऱ्याचा, बस. पण मला शांतता सोसत नाही. शांत असलं की मी काहीतरी ऐकायला लागते. त्यात पडद्यावर बॅटरीचा आकडा चढाबरोबर उतरत होता, आणि मी रस्ता सोडून पुन्हा पुन्हा त्या आकड्याकडे बघत होते.

"वर पोचेपर्यंत दहाच्या आसपास राहील," नवरा म्हणाला. "मग उतार. पायथ्याला चार्जर आहे. सगळा हिशोब केलाय मी."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर तू ढकल, मी एका हाताने टाळ्या वाजवतो."

सासूबाई हसल्या. मागून भिंगरीही हसली. मी नाही हसले.

माझ्या काळजीची आमच्याकडे नेहमीच थट्टा होते. कुठूनही निघताना मी मागे वळून प्रत्येकाच्या डोक्याकडे बोट करून मोजायचे. त्याला नवऱ्याने 'शिरगणती' नाव ठेवलं होतं. ही गाडी घेतली तेव्हा त्याने मला पडद्याच्या कोपऱ्यातलं छोटं चित्र दाखवलं होतं. सात खुर्च्या, पट्टा लावला की खुर्ची हिरवी, माणूस बसून पट्टा नसेल तर लाल, आणि लाल झाली की गाडी टिंग-टिंग करून डोकं उठवते. "आता शिरगणती खातं बंद," तो म्हणाला होता. "गाडीच मोजते." मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मोजून मोजून मीही थकले होते.

घाटमाथ्यावर दरी बघायची एक जागा होती. दगडी कठडा, पलीकडे स्वच्छतागृह, त्याच्यामागून खाली उतरणाऱ्या चार पायऱ्या आणि एक छोटासा ओटा. बाकी कोणी नव्हतं. मी गाडी थांबवली, आणि त्याच क्षणी बाळाने प्यायलेलं सगळं दूध नवऱ्याच्या गळ्यातल्या झोळीत ओतलं.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. मी बाळाला सोडवतेय, नवरा एका हाताने ओले रुमाल ओढतोय आणि सगळं पाकीटच बाहेर येतंय, भिंगरी "शी! शी!" करत दारातून उडी मारून पळाली. सासूबाई पाय मोकळे करून आल्या. त्यांच्या पायाशी त्यांची जड बॅग होती, तिच्यामुळे गुडघे आखडत होते. ती त्यांनी उचलून सरकत्या दारातूनच वाकून मागे भिंगरीच्या उंच आसनावर ठेवली. लगेच टिंग-टिंग सुरू.

"काय कोकलतंय हे मेलं!"

मग ते थांबलं. का थांबलं ते मी बघितलं नाही. मी बाळाची मान पुसत होते.

सगळं आवरलं. नवरा बाळाशेजारी बसला, सासूबाई पुढे आल्या, सरकतं दार आपोआप लागलं. मी पडद्याकडे पाहिलं. पाच हिरव्या खुर्च्या. बॅटरी अकरा टक्के. मी अकराकडे बघत राहिले आणि निघाले.

उतारावर गाडी खरंच सुरेख चालली. पाय थोडा उचलला की जणू मागून कुणी पदर धरून ओढावं तशी ती हळू व्हायची. ब्रेक लावावाच लागत नव्हता. अकराचे बारा झाले, बाराचे तेरा. मला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. मी खांदे सैल सोडले.

"बघ!" नवरा म्हणाला. "आता अजून एक गंमत. पडद्यावर ते तोंडाचं चित्र आहे ना, ते दाब. तू बोललीस की मागच्या स्पीकरमधून ऐकू येतं. ओरडायला नको."

मी दाबलं. "भिंगरीबाई, भिंगरीबाई, कॅप्टन बोलतेय. प्रवास कसा चाललाय?"

उत्तर आलं नाही.

"झोपली असेल," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता तर उड्या मारत होती." मी पुन्हा बोलले, "भिंगरी?" माझाच आवाज मागून फिरून माझ्याकडे आला.

नवऱ्याने मागे वळायचा प्रयत्न केला, खांद्यातून कळ आली असावी, तो कण्हला. "थांब, कॅमेरा लाव. आतला."

मी रुंद जागा बघून कडेला थांबले आणि कॅमेरा लावला. पडद्यावर तिसरी रांग आली. भिंगरीच्या आसनावर सासूबाईंची तपकिरी बॅग बसली होती. तिच्या पोटावरून पट्टा नीट आवळून लावलेला होता.

मधल्या रांगेत बाळ बडबडत होतं.

"ती आली की काढेल म्हटलं," सासूबाई पुटपुटल्या. "ते वाजत होतं म्हणून..."

"तिला कळलंच नसणार आपण निघालो ते," नवरा म्हणाला. जुनी गाडी सुरू झाली की गल्ली हादरायची. हाक मारायची आम्हाला कधी गरजच पडली नाही. इंजिन खडखडलं की ही जिथे असेल तिथून धावत यायची. आज काय ऐकून यायची ती?

मी फोन बघितला. रेंज नव्हती. असती तरी कुणाला लावणार होते?

"मी पळत जातो वर," नवरा दार उघडायला लागला.

"या हाताने? किती लांब आलोय माहीत आहे?"

"पण बॅटरी चौदाच टक्के आहे. चढावर ते—"

"विचारत काय बसलात!" सासूबाई ओरडल्या. "वळव गाडी!"

एवढी लांब गाडी त्या रस्त्यावर वळवायची म्हणजे म्हैस खोलीत फिरवण्यासारखं. पुढे गेले, मागे घेतली. पडद्यावर गाडी वरून दिसत होती, तिच्या मागे लाल रेघा, आणि दरीच्या बाजूचा सेन्सर किंचाळत होता. नवरा खाली उतरून एका हाताने खुणा करत होता. मागचं चाक मातीत गेलं, सासूबाईंनी डोळे मिटले. मग गाडी वळली.

वर जाताना मी एसी बंद केला, रेडिओ बंद केला, काचा खाली केल्या. काचा ऐकण्यासाठी. प्रत्येक वळणाआधी हॉर्न देत होते, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आपण देतोय हॉर्न, पण ती वळणापलीकडे कठड्यावर चढून बसली असेल आणि दचकली तर? नाही दिला, आणि ती रस्त्याच्या मधून येत असेल तर? ही गाडी येते ते मांजरालाही कळत नाही. मी हॉर्न दिला की मला वाटे नको होता, नाही दिला की वाटे मारलं मी तिला.

आकडा खाली येत होता. दहा, आठ, सहा. उताराने दिलेलं चढाने व्याजासकट परत घेतलं. मग पडद्यावर पिवळं कासव उमटलं. मी पाय दाबला तरी गाडी पहिल्यासारखी उसळेना.

"शक्ती कमी केली तिने," नवरा हळूच म्हणाला. "बॅटरी वाचवायला. चालेल अजून. हळू चालेल."

"किती?"

त्याने मान पुढे काढून आकडा पाहिला. त्याच्या हिशोबात हे नव्हतं.

पुढचं वळण घेतलं आणि भिंगरी दिसली.

रस्त्याच्या दरीकडच्या कडेने खाली येत होती. तिथे कठडा तुटलेला होता. एका हातात काटकी, दुसऱ्या हाताने नाक पुसत. तिने गाडी पाहिली. मला वाटलं आता धावत येईल. ती थांबली, आमच्याकडे पाठ केली, आणि पुन्हा वर चालू लागली.

मी गाडी तिथेच थांबवली आणि उतरले. पळावंसं वाटत होतं, पण पळाले तर तीही पळेल, म्हणून चालले. तिच्या आणि दरीच्या मधून. माझी चप्पल खडीवरून घसरत होती.

"भिंगरी."

"मी येत नाही."

"कुठे चाललीस?"

"घरी."

"घर फार लांब आहे, बाळा."

"मग असू दे." ती थांबली, पण वळली नाही. "मी ओट्यावर किडा बघत होते. वर आले तर गाडी नाही. मला वाटलं तुम्ही लपलात. मी सगळीकडे शोधलं. बाथरूमच्या मागे पण." तिचा आवाज तिथे फुटला. "आणि मग मला कळलं तुम्ही लपला नाहीत."

मी तिला उचललं. तिने मला काटकीने मारलं, दोनदा, चांगलं लागेल असं, आणि मग माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिच्या केसांना ऊन आणि धूळ यांचा वास येत होता. किती वेळ आम्ही उभ्या होतो माहीत नाही. नवरा बाळाला छातीशी धरून आला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चुकलं, बेटा. चुकलं."

गाडीपाशी आलो तर सासूबाई पुढच्या खुर्चीवर नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून कधी पायरी न चढणाऱ्या सासूबाई वाकून, कण्हत, तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. बॅग मांडीवर.

"आजी, ती माझी जागा आहे," भिंगरी म्हणाली.

"असू दे. तू बाबाशेजारी बस, आईला दिसशील अशी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या बॅगेला पट्टा मीच लावला गं."

"मी पण नुसता पडदाच बघितला, आई."

त्यांनी मान हलवली. आणखी काही बोलल्या असत्या तर मी तिथेच रडले असते.

वर जायची गरज नव्हती. पुन्हा वळवली, यावेळी रस्ता रुंद होता. खाली पायथ्यापर्यंत उतारच उतार, बॅटरी पुरणार होती. मी बसले, पट्टा लावला, पाय ठेवला, आणि गाडीने मान डोलावली. पुढे, मागे, पुढे. मला कळेना काय झालं. मग पाहिलं तर माझा पाय थरथरत होता. या गाडीत पाय जरा हलला तरी ती ते लपवत नाही. दाबलं की धावते, उचललं की अडते. सगळे नंदीबैलासारखे डोलत होतो. बाळाला ती गंमत वाटली, ते हसायला लागलं.

मी कडेला घेतली, पार्किंगचं बटण दाबलं आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले. तरी थांबेना.

"मी चालवू?" नवरा म्हणाला, आणि मग त्याचं लक्ष स्वतःच्या गळ्यातल्या हाताकडे गेलं.

मधल्या रांगेतून भिंगरी पुढे वाकली. तिचे गाल अजून मळके होते. तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"होऊ दे तुझं," ती म्हणाली. "आम्ही नाही जात तुला सोडून."

तिसऱ्या रांगेतून सासूबाईंचं हुंदक्यासारखं हसू ऐकू आलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजला, सगळा घाट दणाणला, आणि कुणीही मला काही म्हटलं नाही.