पाचही आवाज एका वेळी

मी सहा ट्रॅकचा रेकॉर्डर बोलत आहे. मथुराबाईंचे सर्वांत चांगले गाणे माझ्यापासून हातभर अंतरावर झाले आणि मी त्यातील एक अक्षरही टिपले नाही. त्या शुक्रवारच्या घटनेतील माझा वाटा हा. तो मी आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतात ते पांढरकवड्याचे निजामुद्दीन. त्यांच्या कव्वालीच्या बैठकी मी नऊ वर्षे टिपल्या. सहा गाणाऱ्यांचे आवाज मी एकाच वेळी, परंतु सहा वेगवेगळ्या ट्रॅकवर घेत असे. त्यामुळे मागाहून एकाचा आवाज वाढवता येई, दुसऱ्याचा कमी करता येई. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी बिस्मिल्लाबींनी मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवले. तीन वर्षे मी काहीही ऐकले नाही. अखेर यवतमाळच्या जमीरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात मी विक्रीला आलो, तेव्हा माझ्या काचेला तडा गेलेला होता आणि बॅटरीचे झाकण रबराने बांधलेले होते.

शुक्रवारी दुपारी पाच बायका दुकानात आल्या. भुलाबाईची गाणी म्हणणारे त्यांचे मंडळ. पुढे मंडळाच्या प्रमुख मंजुषाताई, कचेरीतून निवृत्त झालेल्या. मागे लोहाऱ्याच्या मथुराबाई, गळ्याभोवती पदर गुंडाळून. सोमवारी नागपूरला त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया होती. त्यानंतर आवाज परत येईलच, असे डॉक्टरांनी सांगितले नव्हते.

जमीरभाईंनी दोन यंत्रे पुढे ठेवली: एक मी आणि दुसरा खोक्यातला, नवा, चकचकीत, माझ्याच किमतीचा.

"याच्यावर आठ ट्रॅक लिहून हायेत. मंग जुना कायले घ्याचा?" मंडळातील सर्वांत लहान प्रियंका म्हणाली.

"बेटी, आठ सांभाळते तो, पन एका टायमाले दोनच आवाज घेते. बाकीचे मंग एकेक करून भरा लागते, कानाले हेडफोन लावून," जमीरभाई म्हणाले.

"एकटीनं? अन् पाहू कोनाकडं?" मथुराबाई म्हणाल्या. "मले समोर तुमची थोबाडं लागतात!"

सगळ्या हसल्या. मंजुषाताई हसल्या नाहीत. "हौसेवर यंत्र घेता येत नाही. आधी या जुन्याची परीक्षा होऊ द्या."

आतल्या खोलीत सतरंजी अंथरली गेली, पाच माईक लागले. एवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आले म्हणून जमीरभाई उठले. माझे लाल बटण मंजुषाताईंनी स्वतः दाबले आणि माझा दिवा लुकलुकू लागला. पहिल्या दाबाने मी केवळ सज्ज होतो. टिपू लागतो तो दुसऱ्या दाबाने. हे त्यांना ठाऊक नव्हते.

मंडळाचा एक नियम होता: मथुराबाईंनी तळहात जमिनीला टेकवला की गाणे संपेपर्यंत कोणी थांबायचे नाही, गाण्याबाहेरचा शब्द काढायचा नाही. त्यांनी हात टेकवला.

गाण्याच्या मध्यावर प्रियंकाचे लक्ष माझ्या काचेकडे गेले. आकडे शून्यावरच होते. तिने मंजुषाताईंकडे पाहिले, मथुराबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिले आणि ती गातच राहिली. मला ओरडता येत असते, तर तो नियम मी मोडला असता.

"आकडा हाललाच नाही, ताई," गाणे संपताच प्रियंकाला रडू फुटले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमीच तं म्हनता, बोलाचं नाही म्हनून!"

जमीरभाई धावत आत आले. "ताई, मशीन खराब नाही. दोनदा दाबा लागते. मी सांगाले पायजे होतं, गलती माही."

"उचला तो डबा," मंजुषाताई म्हणाल्या. "नवाच द्या."

मथुराबाईंना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मग त्या कोरड्या गळ्याने म्हणाल्या, "ताई, नवा घेसान तं मले एकटीले गावा लागन. एकटीचं गानं मले येत नाही. अजून एक डाव होईन माह्यानं. एकच. लावा."

या वेळी बटण दोनदा दाबले गेले. आकडे धावू लागले. चार कडवी मी पाचही आवाजांत टिपली. पाचव्या कडव्याला मथुराबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. उरलेल्या चौघींनी गाणे शेवटास नेले. मथुराबाईंच्या चौथ्या ट्रॅकवर मात्र माझ्या हाती केवळ त्यांचा श्वास आणि तळहाताचा ठेका लागला.

सर्वांनी ते ऐकले. मंजुषाताई हळूच म्हणाल्या, "तेवढे कडवे तुमच्या ट्रॅकवर प्रियंका म्हणेल. कुणाला कळणारही नाही."

"नाही. थे माही जागा हाय. रिकामी राहू द्या. आवाज वापस आला, तं मीच भरीन. नाही आला, तं पोरी, मंग तू भर. पन मी सांगीन तवा."

आज मी मंजुषाताईंच्या कपाटात आहे. नागपूरचा निरोप अजून यायचा आहे. तोवर माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी मला विकत घेताना ठरले ते पाळले जावे: मथुराबाई स्वतः सांगेपर्यंत चौथ्या ट्रॅकला कोणी हात लावू नये. दुकानात ते ठरले, तेव्हा प्रियंकाने तत्काळ मान हलवली. उरलेल्या दोघींनी होकार दिला. जमीरभाईंनी चौथ्या ट्रॅकच्या बटणावर चिकटपट्टी लावली. सर्वांत शेवटी मंजुषाताईही "होय" म्हणाल्या.